कोणता चहा, कोणाच्या हातचा

आमच्या घरी सकाळी चहाची तीन पातेली चढतात. बायकोला आले ठेचून घातलेला, दुधाळ, भरपूर उकळलेला चहा लागतो. मुलाला साखर चालत नाही, पण वेलदोडा हवा. सून हिरव्या चहाची पुडी गरम पाण्यात बुडवून मोकळी होते. मी निवृत्तीनंतर दार्जिलिंगच्या पानाचा, बिनदुधाचा, फिकट चहा घेऊ लागलो आहे आणि त्याबद्दल ‘झालं का गरम पाणी पिऊन?’ हे रोज एकदा तरी ऐकून घेतो. माझी आजी असती तर तिने आम्हा चौघांनाही नावे ठेवली असती. तिचा चहा गुळाचा आणि कोरा. त्यात सुंठ आणि परसातल्या गवती चहाची पात. तोही कल्हई केलेल्या पितळी फुलपात्रातून. चिनी मातीची कपबशी तिने जन्मात ओठाला लावली नाही. “मातीचं भांडं उष्टं झालं की टाकायचं असतं. हे लोक तेच धुऊन धुऊन पितात,” असे ती म्हणे.

चहाच्या बाबतीत माणूस जेवढा हट्टी असतो तेवढा जेवणाच्या बाबतीतही नसतो. आमटी अळणी झाली तर आपण मीठ मागून घेतो. चहा बिघडला तर दिवस बिघडतो. ‘मला असाच लागतो’ हे वाक्य आपण इतक्या ठामपणे म्हणतो, की जणू ती आवड जन्मखुणेसारखी अंगावर घेऊनच आलो आहोत. या ‘असाच’चा इतिहास शोधावा एवढ्याच हेतूने मी दोन वर्षांपूर्वी वाचायला बसलो. दूध कधी आले, मसाला कुठून आला, साखरेने गुळाला कधी हटवले, अशा सरळ प्रश्नांची एक यादी केली होती. त्या प्रश्नांची उत्तरे मिळाली. पण यादीत नसलेला एक प्रश्न मधे आडवा आला आणि हा लेख त्याच्याविषयी झाला.

सुरतेपासून सुरुवात करतो, कारण चहाच्या आपल्याकडच्या जुन्या नोंदी तिथल्या आहेत. १६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत होता. तिथल्या बैठकींत रोज चहा घेतला जाई आणि तो इथल्या लोकांतही रूढ आहे, असे त्याने लिहून ठेवले. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सुरतेच्या वखारीत राहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुरतेचे वाणी चहात खडीसाखर किंवा लिंबू घालतात, मसाल्याचे पदार्थ घालतात आणि डोकेदुखी, पोटशूळ अशा दुखण्यांवर तो घेतात, असा तपशील आहे. म्हणजे आज ‘मसाला चहा’ म्हणून विमानतळावर विकला जाणारा प्रकार तीनशे वर्षांपूर्वी काढा होता. आजीची सुंठ आणि गवती चहा याच घराण्यातले. नाव जरी ‘गवती चहा’ असले तरी त्या गवताचा चहाच्या झुडपाशी काडीचा संबंध नाही. मराठीने एका औषधी पातीला चहाचे नाव दिले, यावरूनच आपण चहाला कोणत्या फडताळात ठेवले होते ते कळते.

मुंबईचे आणि चहाचे नाते याहून चमत्कारिक आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन १६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. मुंबई बेट तिच्या आंदणात गेले हे आपण शाळेत शिकतो. चहा पिण्याची सवय तिने माहेराहून नेली आणि इंग्रज दरबारात ती फॅशन झाली, हे मात्र शाळेत शिकवत नाहीत. पुढे दीड-दोनशे वर्षांनी या दोन आंदणांची पुन्हा गाठ पडली. इंग्लंडला चिनी चहा हवा होता आणि चीनला त्या बदल्यात चांदीखेरीज फारसे काही नको होते. तेव्हा भारतातून अफू आणि कापूस चीनला जाऊ लागला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढे. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकर व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. इंग्रज गृहिणीच्या किटलीतला चहा अशा रीतीने मुंबईच्या गोदीतून जाणाऱ्या अफूच्या पेट्यांवर उकळत होता. मुंबईकर स्वतः मात्र अजून चहा पीत नव्हता. इथल्या सामान्य माणसाला तो परवडणारा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

तो परवडण्यासाठी आधी आसामात मळे उभे राहावे लागले. आसामातल्या सिंगफो लोकांना चहाचे झुडूप पूर्वापार माहीत होते. ते पाने भाजून बांबूच्या नळीत ठासत आणि चुलीवरच्या धुरात वाळवत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला त्यांची गाठ घालून दिली ती मणिराम दिवाण यांनी. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली. मणिराम काही काळ तिचे दिवाण होते. पुढे त्यांनी स्वतःचे मळे काढले. १८५७ च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून त्यांना २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला फाशी देण्यात आले. मळ्यांवर राबायला छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांतून माणसे आणली गेली. १८५९ च्या कायद्याने करार मोडून काम सोडणे हा मजुरासाठी गुन्हा ठरवला. मे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून घराकडे निघाले, तेव्हा चांदपूर स्थानकावर त्यांच्यावर सैनिक घालण्यात आले. १८८८ पर्यंत इंग्लंडात जाणारा भारतीय चहा चिनी चहाहून अधिक झाला होता. इंग्रजांच्या आवडीत पडलेला हा फरक नुसता जिभेने पडलेला नव्हता.

आता पुण्यात येतो. कारण मराठी माणसाच्या चहाचा पहिला गाजलेला प्रसंग इथे, १८९० च्या ऑक्टोबरात घडला.

पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातली नामांकित मंडळी तिथे जमवली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनमधल्या बायांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी शिवलेही नाही. गोपाळरावांना सुधारकांची परीक्षा पाहायची होती, की नुसती गंमत करायची होती, यावर अजून वाद घालता येईल. त्यांनी केले एवढेच, की हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. मग जे व्हायचे ते झाले. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्याची तक्रार शंकराचार्यांकडे गेली. चौकशीसाठी शास्त्री पुण्याला आले. साक्षी झाल्या, बाजू मांडल्या गेल्या. बहिष्कृतांच्या घरी कार्याला भटजी मिळणे मुश्कील झाले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांसोबत प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांकडूनच बोल लावून घेतले. ‘चहा-ग्रामण्य’ या नावाने हे प्रकरण ओळखले जाते.

हे सगळे वाचताना माझ्या यादीतल्या प्रश्नांची मला थोडी लाज वाटली. चहात दूध होते का? साखर किती? आसामचा होता की चीनचा? या वादात चवीला जागाच नव्हती. ज्यांनी घेतला त्यांना तो आवडला का, हे कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तो कोणाच्या हातचा होता. पुण्यातल्या मोठ्यात मोठ्या बुद्धिमंतांना त्या काळी ‘कोणता चहा’ हा प्रश्न नव्हता. ‘कोणाचा चहा’ हा होता. आवडीचा प्रश्न त्याच्या नंतरचा. आधी कप हातात घ्यायची मुभा पाहिजे, मग त्यातल्या साखरेचे बोलायचे.

पंचहौदच्या कपाला मी त्यानंतर ज्या कपाचा जोडीदार मानू लागलो तो कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते, जातीने महार. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलेच; शिवाय गंगारामना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण महाराच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दारात उभी करायला सुरुवात केली. रस्त्यातच चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा, सोबतच्या सरदार-दरकदारांना घ्यायला लावायचा. सह्यांसाठी कागद घेऊन येणाऱ्यांनाही त्या हॉटेलात गाठायला सांगत आणि सही मिळण्याआधी चहा घ्यावा लागे, असेही कोल्हापुरात सांगतात.

महाराजांना चहाची विशेष आवड होती म्हणून हे घडले नाही. पंचहौदला तीसएक वर्षे होत आली होती. पुण्यात चहा पिऊन झाल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. कोल्हापुरात चहा न पिणाऱ्याची पंचाईत झाली. हातात सत्ता असलेल्या माणसाने तोच प्रश्न उलटा करून समोरच्याच्या हातात दिला. अशी उलथापालथ करायला चहाच का सापडावा? मला वाटते, कारण तो नवा होता. पाणी, भाकरी, भात यांचे नियम हजार वर्षांचे. चहाबद्दल स्मृतिकारांनी काहीच लिहून ठेवलेले नव्हते. त्यामुळे कोणी त्याला पाण्याचे नियम लावले, कोणी औषधाचे. त्या अनिश्चित फटीतून कधी सनातन्यांनी वार केला, कधी सुधारकांनी.

धंदा करणाऱ्यांना ही फट चांगली ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागांतून झरथुष्ट्री इराणी मुंबईत आले आणि नाक्यानाक्यावर त्यांची हॉटेले उभी राहिली. इराणात चहा बिनदुधाचा घेतात, साखरेचा खडा दातात धरून. इथे त्यांनी विकला तो दाट दुधाचा, गोड चहा. सोबत ब्रून मस्का. स्वतःची आवड बाजूला ठेवून गिऱ्हाइकाची आवड घडवणारा धंदा याहून चांगला दाखवता येणार नाही. संगमरवरी टेबलाशी कोण बसले आहे याची फारशी विचारपूस न करणारी जागा म्हणून या हॉटेलांची आठवण अनेकांनी लिहून ठेवली आहे.

पुण्याच्या पेठांत त्याच वेळी वेगळी तऱ्हा रुजली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘अमृततुल्य’ थाटले. रस्त्याला तोंड करून बसलेला मालक, समोर लखलखीत पितळी पातेले, वेलदोडे कुटायचा खलबत्ता आणि फडक्यातून गाळलेला, वाफाळता चहा. अमृततुल्यच्या चवीबद्दल पुणेकर तासभर बोलू शकतो, मीही बोलू शकतो. पण इतके वाचल्यावर त्या मांडणीकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. चहा करणारा गिऱ्हाइकाच्या समोर, त्याचे हात समोर, भांडे पितळी, दुकानाला देवाचे नाव आणि करणारा ब्राह्मण. पंचहौदच्या गावात या गोष्टी नुसत्या सजावटीच्या नव्हत्या. चवीच्या आधी त्या खात्री देत होत्या. पुढे खात्रीची गरज विरत गेली आणि चव तेवढी उरली. ती चव खरीच चांगली आहे, याबद्दल मात्र वाद नाही.

हे शहरांतले झाले. खेड्यापाड्यांत चहा पोचवला तो जाहिरातीने. १९०३ मध्ये सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला. त्या पैशांतून चहाचा प्रसार करायचा होता. आरंभी लक्ष परदेशांवर होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आल्या आणि मळेवाल्यांना घरचे गिऱ्हाईक आठवले. मग स्टेशनांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, बाजारांत फुकट चहा वाटणाऱ्या गाड्या फिरल्या, कारखान्यांत चहाची सोय झाली. चहा कसा करावा याचे धडेही असत. ताजे पाणी उकळा, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती टाका, पाच मिनिटे मुरू द्या, दूध-साखर शेवटी. लोकांनी चहा घेतला, पण धडा काही घेतला नाही. पाणी, दूध, साखर, पत्ती, आले सगळे एका पातेल्यात टाकून रटारटा उकळले. पत्ती थोडी, दूध-साखर फार, वर मसाला, याने प्रचारक वैतागत. त्यांची पत्ती कमी खपत होती ना! पण साहेबाने सांगितलेली रीत बाजूला सारून आपल्या काढ्याच्या रीतीने चहा करणारी ही अनाम माणसेच आपल्या आवडीची खरी शिल्पकार आहेत.

साहेबाची रीत किती कडक असते हे पाहायचे तर जॉर्ज ऑर्वेलचा १९४६ चा चहावरचा छोटा लेख पाहावा. चांगल्या चहाचे त्याने अकरा नियम सांगितले. चहा भारताचा किंवा सिलोनचा हवा, दूध कपात चहानंतर ओतावे, साखर मुळीच नको. हा ऑर्वेल जन्मला बिहारमधल्या मोतिहारीत, कारण त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. चिनी चहासाठी जी अफू पिकवली गेली त्या खात्यातल्या नोकराच्या मुलाने पुढे चिनी चहा नापसंत करावा, हा योग मला फार विलक्षण वाटतो. आपली आवड सांगताना माणूस आपले घराणेही सांगत असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

प्रचाराला विरोधही होता. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या घरात आजोबांनी त्या सुमारास चहा सोडला होता. आजीने सोडला नाही. “गांधीबाबाला काय, पहाटे चारला उठून जातं ओढायचंय?” हा तिचा युक्तिवाद.

शेवटचा मोठा बदल यंत्राने केला. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र बनवले. ते पान चिरडते, फाडते आणि त्याच्या गोळ्या वळते. दुकानदार ज्याला ‘ममरी’ म्हणतात ती ही दाणेदार पूड. ती पटकन गडद उतरते, किलोमागे जास्त कप देते आणि स्वस्त पडते. स्वातंत्र्यानंतर तिचा प्रसार होत गेला आणि आज भारतात होणारा बहुतेक चहा याच जातीचा आहे. त्यातला सुमारे चार-पंचमांश आपणच पितो. या पुडीचा चहा तुरट लागतो. दुधातली प्रथिने हा तुरटपणा बांधून ठेवतात, म्हणून तिला दूध लागते आणि उरलेल्या कडवटपणाला साखर. त्याच काळात महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९७० पासून दुधाचा महापूर आला. ‘मला कडक, गोड, दुधाळ चहा आवडतो’ असे माझे वडील छाती पुढे काढून सांगत. त्या आवडीत आसामातले यंत्र, प्रवरेकाठची साखर आणि दूध संघाचा टँकर असे तिघे भागीदार होते.

गुळाची गोष्ट याच्या उलटी. गुळाच्या चहात दूध फाटते. गॅस बंद करून, जरा निववून दूध घालायची खटपट करावी लागते. म्हणून तो कोराच पीत. साखर न परवडणाऱ्याचा, रोजगारावर जाणाऱ्याचा, दुष्काळी गावाचा चहा म्हणून त्याची ओळख. पाहुणा आला की साखरेचा चहा करायचा आणि घरच्यांनी गुळाचा प्यायचा, ही साखर मिरवण्याची रीत मी लहानपणी पाहिली आहे. आज हमरस्त्यावर ‘गुळाचा चहा’ अशा मोठ्या पाट्या दिसतात आणि गाड्या थांबवून लोक तो आवडीने पितात.

एवढे टिपण झाल्यावर माझ्या मते लेख पुरा झाला होता. आजीच्या चहाबद्दल एखादा परिच्छेद लिहावा म्हणून गेल्या वर्षी साताऱ्याकडे आमच्या गावी गेलो. आमचे घर कुलकर्ण्यांचे, आता पडके. पडवीचे वासे अजून शाबूत आहेत. मोबाइलवर फोटो काढत होतो. सोबत गावातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचे आजोबा आमच्याकडे सालगडी होते. आम्ही दोघे साधारण एका वयाचे, एकाच शाळेत शिकलेलो. मी त्यांना आजीच्या चहाचे वर्णन ऐकवत होतो: सुंठ, गवती चहा, पहाटेचा अंधार, चुलीचा उजेड. ते ऐकत होते. मग वळचणीच्या एका वाशाकडे बोट दाखवून म्हणाले, “भाऊ, आमच्या आजोबांची कपबशी इथं खोचलेली असायची. कान तुटलेली.”

मला ती आठवली. म्हणजे मी ती रोज पाहिली होती. सकाळी ते येत, कपबशी काढत, आजी पायरीवरून उंचावरून चहा ओतत असे, एक थेंब सांडू न देता. तिच्या त्या कौशल्याचे मला बालपणी कौतुक वाटे. चहा पिऊन ते कपबशी स्वतः विसळत आणि पुन्हा वाशात खोचत. हे १९७० च्या आसपासचे. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन पंधरा वर्षे झाली होती, महाडला अर्धशतक होत आले होते. पंचहौदच्या चहाची मी इतकी कागदपत्रे वाचली, कोल्हापूरच्या हॉटेलवर दोन पाने लिहिली आणि माझ्या स्वतःच्या घराच्या वळचणीतली कपबशी मला माझ्या टिपणांत कुठेच सापडली नव्हती. आजीला चिनी मातीचा विटाळ वाटे, म्हणून ती फुलपात्रातून पीत असे, असे मी या लेखाच्या आरंभी गमतीने लिहिले. आमच्या घरात असलेली एकमेव कपबशी वळचणीला होती, हे मी तिथे लिहिले नाही. तो परिच्छेद मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. इतिहास लिहिणाऱ्याचे डोळे कुठे मिटतात याचा तो पुरावा आहे.

मी काय बोलावे ते न सुचून विचारले, “चहा तरी बरा असायचा का?”

“गोड असायचा, म्हणायचे. गूळ चांगला असायचा तुमच्याकडे.” मग जरा थांबून ते म्हणाले, “पण त्यांना कसा आवडतो, ते कुणी विचारलं नव्हतं. आमची आई सांगायची, त्यांना घरी मीठ टाकून लागायचा.”

कोऱ्या चहात चिमूटभर मीठ. कडवटपणा मरतो त्याने. काश्मीरचा मिठाचा चहा मी पुस्तकांतून वाचून त्यावर टिपण केले होते. आमच्या दारात वर्षानुवर्षे चहा घेणाऱ्या एका माणसाची आवड आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती. आवड ही खासगी गोष्ट असते, असे आपण म्हणतो. ती खासगी होते ती कोणीतरी विचारल्यानंतर. तोपर्यंत माणूस पुढे येईल ते पितो.

त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारले, “साखर किती घालू? दूध चालतं ना?” माझ्या फिकट, बिनदुधाच्या चहाचे नाव जिभेवर आले होते. मी म्हणालो, “तुम्ही घेता तसा.” तो कडक होता, दुधाळ होता आणि माझ्या मानाने फार गोड होता. सगळा प्यायलो. निघताना सवयीने कप उचलून मोरीकडे निघालो, तर सरांनी तो हातातून काढून घेतला.